अवयवरक्षण की अवयवच्छेदन? अस्थिशल्यचिकित्सेतील निर्णयाचे निकष

प्रस्तावना
भुसावळजवळील दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रामुळे सर्वपरिचित आहे. यंत्रांवरील काम, रेल्वे आणि धुळे-जळगाव-भुसावळ यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ यांमुळे हातापायांच्या गंभीर दुखापती हा या परिसराच्या चिंतेचा विषय आहे. पाय राहिला तर उपचार यशस्वी आणि पाय काढावा लागला तर उपचार फसले, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही आढळते. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुखापत
अस्थिशल्यचिकित्सेत प्रथम जीव, नंतर अवयव आणि त्यानंतर अवयवाचे कार्य असा क्रम मानला जातो. मुख्य रक्तवाहिनी तुटल्यास रक्तपुरवठ्याविना स्नायू साधारणतः सहा तासांपर्यंत तग धरतात. या अवधीत रक्तवाहिनी जोडून, हाड बाहेरील सळ्यांच्या चौकटीने स्थिर करून आणि जखमेवर त्वचेचे आवरण देऊन अवयव वाचविता येतो. मात्र चिरडलेले, मृत स्नायू शरीरात राहिले तर जंतुसंसर्ग होतो व मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. अशा वेळी अवयवच्छेदन हाच जीवरक्षक उपचार ठरतो. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटाचा बर्फाशी थेट संपर्क येऊ देऊ नये.

हाडाचा कर्करोग
ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने किशोरवयात व बहुधा गुडघ्याजवळ उद्भवतो. १९७० पूर्वी पाय काढूनही बहुसंख्य रुग्ण दगावत. कारण रोगाचे सूक्ष्म कण तोपर्यंत फुप्फुसात पोहोचलेले असत. औषधोपचाराची, म्हणजे केमोथेरपीची जोड मिळाल्यानंतर हे चित्र पालटले. निदानसमयी रोग पसरलेला नसल्यास आज सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात. बहुतेकांचा पायही वाचतो. रोगग्रस्त हाड काढून तेथे धातूचा कृत्रिम सांधा बसविला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात. गाठीचा तुकडा तपासणीसाठी चुकीच्या जागेतून काढल्यास निरोगी भागात रोग पसरून अवयवरक्षणाची संधी हुकू शकते. म्हणून ही तपासणीदेखील पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच होणे इष्ट असते. गाठीवर मालीश करणे टाळावे.

व्यंग
जन्मजात वाकडे पाऊल पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्यास प्लॅस्टर बदलत, बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते. आखूड हाड इलिझारोव्ह पद्धतीने दररोज सुमारे एक मिलिमीटर वाढविता येते. येथे कौशल्याइतकेच कुटुंबाच्या चिकाटीला महत्त्व आहे.

अवयवच्छेदनानंतर
अवयवच्छेदन हा उपचाराचा शेवट नसून पुनर्वसनाचा प्रारंभ होय. गुडघा शाबूत राहिल्यास कृत्रिम पायाने चालताना कमी शक्ती खर्च होते. म्हणून तो राखण्याचा शल्यचिकित्सक शक्यतो प्रयत्न करतात. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले. १९६८ च्या सुमारास विकसित झालेल्या जयपूर फुटामुळे मांडी घालून बसणे, अनवाणी चालणे व शेतात काम करणे सुलभ झाले. वारंवार शस्त्रक्रिया होऊनही वेदनाग्रस्त व निरुपयोगी राहिलेल्या पायापेक्षा चांगला कृत्रिम पाय अनेकदा अधिक स्वावलंबन देतो.

महाविद्यालयाची भूमिका
विद्यार्थ्याची गुडघेदुखी रात्री वाढत असेल, काही आठवडे टिकली असेल किंवा सूज दिसत असेल, तर ती खेळातील मार म्हणून दुर्लक्षू नये. एक्स-रे काढण्याचा आग्रह प्राध्यापकांनी धरावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि उतरंड नाही, अशी स्थिती असेल तर ही तरतूद कागदावरच राहते.

निष्कर्ष
अवयव राहिला की गेला, यावरून उपचारांचे मोल ठरत नाही. रुग्ण योग्य केंद्रात वेळेत पोहोचला का आणि उपचारानंतर तो शिक्षणात व कामात परतला का, हेच खरे निकष होत. त्यांपैकी पहिल्यात शिक्षकाची जागरूकता आणि दुसऱ्यात महाविद्यालयाची तयारी निर्णायक ठरू शकते.