कार्डाची मुदत संपली, पैशांचं काय? (एपिसोडचं लेखी रूप)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

विषय आला एका श्रोत्याच्या मेसेजवरून. "दादा, मेट्रोच्या कार्डावर छापलेली तारीख पुढच्या महिन्यात संपतेय. आत १८० रुपये आहेत. गेले का ते?" १८० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलाचं ते कित्येक दिवसांचं भाडं असतं.

छोटं उत्तर असं: कार्डाची मुदत आणि पैशांची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे हातात येतात की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. पैसे नेमके कुठे ठेवलेत, कार्ड कोणाच्या नावावर आहे, आणि तुम्ही तारखेच्या आधी हललात की नंतर.

एका कार्डात दोन खिसे

मुंबई मेट्रोचं मुंबई वन आणि पुणे मेट्रोचं एक पुणे ही दोन्ही कार्डं एनसीएमसी प्रकारातली, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डं. ४ मार्च २०१९ ला अहमदाबादमध्ये ही योजना सुरू झाली. कार्ड रुपेचं, एखादी बँक किंवा वॉलेट कंपनी ते देते, आणि एकच कार्ड वेगवेगळ्या शहरांत चालावं हा हेतू.

या कार्डात पैशांचे दोन खिसे असतात. एक खिसा थेट कार्डाच्या चिपमध्ये, त्यात जास्तीत जास्त २,००० रुपये राहतात. दुसरा खिसा कार्ड देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. मेट्रोचं गेट फक्त चिपमधला खिसा बघतं. कारण साधं आहे. गर्दीच्या वेळी गेट अर्ध्या सेकंदात उघडायला हवं, आणि बसमधल्या कंडक्टरच्या मशीनला दर वेळी नेटवर्क मिळेलच असं नाही. सर्व्हरला विचारत बसलं तर मागे रांग लागेल.

म्हणून तुम्ही फोनवरून ३०० रुपये भरता, "रिचार्ज यशस्वी" असा मेसेज येतो, आणि तरी गेट लाल दिवा दाखवतं. पैसे सर्व्हरवरच्या खिशात पोचलेले असतात, चिपमध्ये नाही. स्टेशनवरच्या मशीनवर किंवा काउंटरवर कार्ड लावून "बॅलन्स अपडेट" केलं की मग ते चिपमध्ये उतरतात. माझ्या आईच्या कार्डाचं हेच झालं होतं. तिला वाटलं पैसे बुडाले. चार महिने ती टोकन काढून प्रवास करत होती, आणि पैसे तिकडे सर्व्हरवर आरामात बसून होते.

आता मुदत संपल्याचा विचार करा. सर्व्हरवरच्या पैशांचा हिशोब कंपनीकडे असतोच. चिपमधले पैसे मात्र तुम्ही खर्च करू शकत नाही, कारण गेट ते कार्डच घेत नाही. कंपनीला तो आकडा काढता येतो, कारण प्रत्येक टॅपची नोंद पुढेमागे सर्व्हरपर्यंत पोचते. पण त्यासाठी तुम्हाला मागणी करावी लागते आणि थांबावं लागतं.

इथे एक खास सापळा आहे. आजकाल बऱ्याच रुपे डेबिट कार्डांत एनसीएमसीची सोय असते. डेबिट कार्डाची मुदत संपत आली की बँक नवीन कार्ड घरी पाठवते आणि जुनं कापून टाका असं सांगते. आपण शहाण्यासारखे कात्री घेतो. खात्यातले पैसे सुरक्षितच असतात, पण जुन्या चिपमधला प्रवासाचा बॅलन्स आपोआप नवीन चिपमध्ये जात नाही. त्यामुळे कात्री घेण्याआधी तो बॅलन्स बघा आणि संपवा.

मुळात मुदत असतेच कशाला?

"पैसे खायला" असं उत्तर पटकन तोंडात येतं. पण याला तांत्रिक कारणही आहे. गेट सर्व्हरला न विचारता कार्डावर विश्वास ठेवतं, तो चिपमधल्या डिजिटल सर्टिफिकेटच्या जोरावर. हे कार्ड खरंच अमुक बँकेचं आहे, याचा तो शिक्का. आणि अशा प्रत्येक सर्टिफिकेटला शेवटची तारीख असते, कारण आज मजबूत असलेलं कुलूप दहा वर्षांनी मजबूत राहीलच याची खात्री कोणी देत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. लंडनचं ऑयस्टर आणि नेदरलँड्सचं ओव्ही-चिपकार्ड, दोन्हींत मायफेअर क्लासिक नावाची चिप होती. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाऊड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिची सुरक्षा मोडून दाखवली. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी हे संशोधन छापलं जाऊ नये म्हणून कोर्टात गेली आणि हरली. पुढे लंडनला जास्त मजबूत चिपची कार्डं आणावी लागली. म्हणजे जुनी कार्डं कधीतरी बाद करावीच लागतात. पण ऑयस्टरमध्ये भरलेले पैसे एक्स्पायर होत नाहीत. प्लास्टिकला मुदत असावी, त्यातल्या पैशाला का असावी?

आरबीआय काय म्हणते?

प्रीपेड कार्ड आणि वॉलेटसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे मुख्य निर्देश आहेत. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो.

शेवटचं रिचार्ज केल्यापासून किमान एक वर्ष मुदत द्यावीच लागते. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने ग्राहकाला अधूनमधून सावध करायचं असतं. मुदत संपल्यावर किमान तीन वर्षं कंपनी ती रक्कम स्वतःच्या नफ्यातोट्याच्या खात्यात घेऊ शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुदत संपल्यानंतर ग्राहकाने कधीही मागितलं, तर पैसे त्याच्या बँक खात्यात परत द्यायचे असतात. आणखी एक, सलग वर्षभर एकही व्यवहार झाला नाही, तर नोटीस देऊन कार्ड निष्क्रिय करतात. ते पुन्हा चालू करता येतं, पण तुमची पडताळणी झाल्यावर.

ऐकून बरं वाटलं ना? आता खाचखळगा.

२३ फेब्रुवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने फक्त प्रवासासाठीच्या कार्डांना मोठी सूट दिली. बँका आणि वॉलेट कंपन्या ही कार्डं केवायसी न करता देऊ शकतात. आधार नको, फॉर्म नको, काउंटरवर रोख द्या आणि कार्ड घ्या. आत कमाल ३,००० रुपये. सोय उत्तमच आहे. पण याच कार्डांतून रोख काढायला, रिफंड घ्यायला किंवा पैसे दुसरीकडे पाठवायला परवानगी नाही. भरले की प्रवासातच संपवायचे.

आणि ही कार्डं कोण घेतं? ज्याच्याकडे कागदपत्रं हाताशी नसतात, तो. रोखीने रिचार्ज करणारा वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या मावशी, गावाहून शिकायला आलेला मुलगा. कार्डाला नाव जोडलेलं नाही, मोबाइल नंबर जोडलेला असेलच असं नाही. मग सावध करणारा मेसेज जाणार कुठे? समजा एक लाख कार्डांत सरासरी ४० रुपये पडून राहिले, तर ते ४० लाख होतात. एकेकट्याला ते भांडण्याइतके मोठे वाटत नाहीत, म्हणूनच ते पडून राहतात.

मग सगळे पैसे सर्व्हरवरच ठेवले तर?

सिंगापूरने हे करून पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने जाहीर केलं की १ जूनपासून मोठ्यांसाठी चिपमध्ये पैसे ठेवणारी जुनी पद्धत बंद, सगळं सिम्प्लीगो या सर्व्हरवरच्या पद्धतीवर. फायदा होता: कार्ड हरवलं तरी ॲपमधून ते बंद करून पैसे वाचवता येतात. पण नव्या पद्धतीत गेटवर भाडं किती कापलं आणि बॅलन्स किती उरला हे दिसत नव्हतं. लोक इतके वैतागले की २२ जानेवारीला निर्णय मागे घेतला गेला, आणि जुनी पद्धत चालू ठेवायला ४ कोटी सिंगापूर डॉलर जादा खर्च मान्य झाला. माणसाला आपले पैसे रोजच्या वाटेवर, डोळ्यांसमोर दिसायला हवे असतात.

आणि इथेच मला आपल्याकडे एक सोपी सुधारणा दिसते. तुम्ही कार्ड टॅप करता तेव्हा चिप आपली शेवटची तारीखही गेटला सांगते. म्हणूनच तर मुदत संपलेलं कार्ड गेट नाकारतं. म्हणजे गेटला दोन महिने आधीपासून माहीत असतं की हे कार्ड संपतंय! मग बॅलन्सच्या शेजारी "मुदत ४५ दिवसांत संपते" एवढी एक ओळ दाखवायला काय हरकत आहे? मोबाइल नंबर लागत नाही, ॲप लागत नाही, केवायसी लागत नाही. त्या मावशींना रोज सकाळी भेटणारी एकच जागा आहे, ती म्हणजे गेट. तिथेच सांगा ना.

तोवर आपण काय करायचं?

कार्डावरची तारीख आज बघा आणि फोनमध्ये दोन महिने आधीचं रिमाइंडर लावा.

ऑनलाइन रिचार्ज केलं की स्टेशनवर "बॅलन्स अपडेट" केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

शेवटच्या दोन महिन्यांत मोठं रिचार्ज टाळा. ५०-१०० रुपयेच भरा आणि संपवा.

बिनकेवायसी कार्ड असेल तर त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा. कार्ड हरवलं तर ते रोकड हरवल्यासारखंच आहे.

मुदत संपून गेलीच असेल तर कार्ड फेकू नका. मागे ज्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव आहे तिच्याकडे लेखी मागणी करा, कार्डाचे शेवटचे चार अंक द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तीही फुकट.

तर १८० रुपयेवाल्या मित्रा, तुझ्याकडे अजून महिना आहे. नवीन रिचार्ज करू नकोस, रोजच्या प्रवासात ते संपव आणि मग नवीन कार्ड घे. आणि घरी आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या कार्डावरची तारीखही आज रात्री बघून घे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!