शिक्का सहीचा, मजकुराचा नव्हे

एका कागदावर अपोस्टिल लावायला भारताचे परराष्ट्र मंत्रालय ५० रुपये घेते. अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थेचे सेवाशुल्क वेगळे, पण तेही फार नसते. असे असूनही मुंबई-पुण्यातली अनेक कुटुंबे एका पदवी प्रमाणपत्रासाठी एजंटाला हजारो रुपये मोजतात, आणि इतके करून परदेशातल्या खिडकीवरून कागद परत येतो. जास्तीचे पैसे जातात ते माहिती नसल्यामुळे. कागद परत येतो तोही बहुतेक वेळा त्याच कारणाने.

माहिती नसते ती अशी: परदेशी कार्यालयाला नेमके काय हवे असते, आणि त्या शिक्क्याने नेमके काय सिद्ध होते?

पुणे विद्यापीठाच्या पदवीवर कुलगुरूंची सही असते, नाशिक महापालिकेच्या जन्मदाखल्यावर निबंधकाची. ती सही खरी की कोणी घरी बसून केलेली, हे लिस्बन किंवा टोरांटोतल्या अधिकाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून जुन्या पद्धतीत सहीवर सही चढत जायची. खालच्या अधिकाऱ्याची सही वरचा ओळखायचा, त्याची राज्य सरकार, राज्याची केंद्र सरकार, आणि शेवटी त्या परक्या देशाची वकिलात. प्रत्येक टप्प्यावर दिवस जायचे, शुल्क जायचे आणि कागदाची मागची बाजू शिक्क्यांनी भरून जायची.

यातला शेवटचा, वकिलातीचा टप्पा काढून टाकण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांना शब्द दिला की प्रत्येक देश आपला एक अधिकारी नेमेल, त्याने ठरलेल्या नमुन्याचे प्रमाणपत्र कागदाला जोडले की दुसरा देश आणखी कोणाची सही मागणार नाही. या प्रमाणपत्राला अपोस्टिल म्हणतात. नमुना ठरलेला आहे: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, वर फ्रेंचमध्ये मथळा आणि खाली दहा क्रमांकित नोंदी. देश कोणता, सही कोणाची, कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, प्रमाणपत्र कुठे, कधी, कोणी आणि कोणत्या क्रमांकाने दिले, एवढेच त्यात असते. कागदात लिहिलेले खरे आहे, असे म्हणणारी ओळ त्या दहांत एकही नाही. या विषयातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच अर्जदाराला कोणी सांगत नाही.

भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. अपोस्टिल देण्याचा अधिकार फक्त परराष्ट्र मंत्रालयाला आहे. पूर्वी सगळे कागद दिल्लीलाच न्यावे लागत. २०१९ पासून मुंबईसह इतर शहरांतल्या मंत्रालयाच्या कार्यालयांतही हे काम होते. मात्र अर्ज थेट मंत्रालयाच्या खिडकीवर चालत नाही, तो नेमलेल्या खासगी संस्थांमार्फत द्यावा लागतो. या संस्थांची नावे आणि दर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाहीर आहेत. कोणत्याही एजंटाशी बोलण्याआधी ती यादी पाहावी.

मंत्रालयाकडे देशातल्या प्रत्येक निबंधकाच्या सहीचा नमुना नसतो. असतो तो राज्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचा. म्हणून कागद आधी राज्याच्या पातळीवर साक्षांकित करून घ्यावा लागतो. शैक्षणिक कागद शिक्षण खात्याकडे जातात. जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले आणि प्रतिज्ञापत्रे गृह किंवा सामान्य प्रशासन खात्याकडे, आणि व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडे.

नोटरीची जागा या साखळीत अगदी सुरुवातीला येते, आणि तिच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली सरकार अनुभवी वकिलांना नोटरी नेमते. सर्वसाधारण उमेदवाराला किमान दहा वर्षांची वकिली लागते. नेमणूक ठरावीक क्षेत्रापुरती असते आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद नोटरीला रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. अमुक व्यक्तीने माझ्यासमोर शपथ घेऊन सही केली, किंवा ही झेरॉक्स मूळ कागदाशी मी ताडून पाहिली, एवढेच तो सांगतो. मूळ पदवी खोटी असेल तर नोटरीच्या सत्यप्रतीने ती खरी होत नाही. नोटरी केलेल्या प्रतीवर पुढे अपोस्टिल लागले, तरी तेही त्या प्रतीमागच्या साक्षांकनाचेच असते, विद्यापीठाच्या सहीचे नव्हे. त्यामुळे ज्या देशाला मूळ पदवीवर अपोस्टिल हवे आहे, तिथे नोटरी केलेली प्रत पाठवून उपयोग होत नाही. नोटरी जिथे खरोखर लागतो ते कागद वेगळे आहेत: परदेशात लग्न करायचे असेल तर अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, एका पालकासोबत मूल परदेशी जात असेल तर दुसऱ्याची संमती, मुखत्यारपत्र. हे कागद जन्मालाच नोटरीसमोर येतात. त्याच्या सहीआधी त्यांना काही वजन नसते.

आता देशांकडे वळू. करारात आज सव्वाशेहून अधिक देश आहेत आणि यादी वाढते आहे. सौदी अरेबियात करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ रोजी. ओमान आणि बहरीन त्याआधीपासून आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र बाहेर राहिले आहेत. त्यामुळे मस्कतला जाणाऱ्या परिचारिकेचे प्रमाणपत्र अपोस्टिलवर थांबते, आणि तिच्याच वर्गातली मैत्रीण दुबईला निघाली तर तिला परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन, मग अमिरातीची वकिलात किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि त्यानंतर अमिरातीच्या परराष्ट्र खात्याचे साक्षांकन असा जुना पूर्ण रस्ता चालावा लागतो. दुबईच्या कागदावर अपोस्टिल लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. उलट, सौदीसाठी २०२२ पूर्वीची यादी दाखवून कोणी वकिलातीच्या शिक्क्याचे पैसे मागत असेल, तर त्याला तारीख विचारावी.

जर्मनीचा प्रकार वेगळा आहे. जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली होती आणि ती हरकत अजून कायम आहे. त्यामुळे या दोन देशांमध्ये करार लागूच होत नाही. भारतीय अपोस्टिल जर्मन कार्यालयावर बंधनकारक नाही. तिथले अधिकारी गरज वाटल्यास आपल्या दूतावासामार्फत कागदाची चौकशी करवून घेतात, म्हणजे दाखला देणाऱ्या कार्यालयापर्यंत माणूस पाठवतात. विद्यार्थ्यांसाठी तर १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस या संस्थेचे प्रमाणपत्रच लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून आयटीआयची, नर्सिंगची मुले जर्मन शिकू लागली आहेत. त्यांच्या पालकांना ही गोष्ट आधी समजायला हवी. आणि अमेरिकेत शिकायला निघालेल्यांना तर प्रवेशासाठी सहसा अपोस्टिल लागतच नाही. विद्यापीठाने थेट पाठवलेली गुणपत्रिका पुरते.

गोव्यात या कराराला एक वेगळाच इतिहास आहे. हेगचा करार झाला त्यानंतर अडीच महिन्यांत, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो, आणि त्यांच्या वंशजांनाही लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्मनोंद चढवून ते नागरिकत्व मिळू शकते. त्यासाठी गोव्यातल्या जन्म-विवाहाच्या नोंदी साक्षांकित होऊन जातात. तिथे अडचण शिक्क्याची क्वचितच असते. पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत प्रभू ‘पोरोबो’ असतात आणि कामत ‘कामोतिम’. आजोबांच्या जन्मनोंदीतले नाव, वडिलांच्या विवाहनोंदीतले नाव आणि नातवाच्या दाखल्यातले नाव एकाच घराचे आहे, हे सिद्ध करण्यात कुटुंबांची वर्षे जातात. या वाटेने जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते.

कागद उलट दिशेनेही येतात. ठाण्याचा फ्लॅट विकायचा आहे आणि मालक मुलगा न्यू जर्सीत आहे, हे चित्र महाराष्ट्रात आता घरोघरी दिसते. त्याने आईच्या नावे केलेले मुखत्यारपत्र इथे चालायचे तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ते परदेशातल्या नोटरी पब्लिकसमोर, न्यायाधीशासमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर झालेले असावे लागते. नोटरीचा मार्ग घेतला तर पुढे अपोस्टिल येते, आणि अमेरिकेत असे कागद ज्या राज्यात नोटरी झाले त्याच राज्याचे सरकार अपोस्टिल देते. न्यू जर्सीच्या नोटरीची सही कॅलिफोर्निया ओळखत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर आधी काउंटी क्लार्कचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. मग कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे शुल्क भरायचे. ही मुदत अनेकांना ठाऊक नसते. कपाटात ठेवलेले मुखत्यारपत्र वर्षभराने दुय्यम निबंधकाकडे नेले, की आधी दंडाचा हिशेब होतो.

खोटे अपोस्टिलही बाजारात फिरते. त्यावर उपाय करारातच आहे: प्रत्येक प्रमाणपत्राला क्रमांक असतो, आणि देणाऱ्या कार्यालयाला त्याची नोंद ठेवावी लागते. भारताच्या स्टिकरवरचा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. एजंटाकडून कागद हातात आल्यावर पहिले काम हेच करावे. शक्य असेल तिथे ई-सनद या सरकारी पोर्टलचा मार्ग पाहावा. ज्या संस्थांच्या नोंदी तिथे जोडलेल्या आहेत, त्यांचे कागद ऑनलाइन पडताळले जातात आणि मूळ प्रमाणपत्र घेऊन दारोदार फिरावे लागत नाही. आणि पदवी कधीही लॅमिनेट करू नये. प्रेमाने जपण्यासाठी केलेले ते प्लास्टिक शिक्का मारायच्या वेळी काढावे लागते आणि त्याबरोबर कागदाची शाईही जाते.

या सगळ्या धावपळीत सर्वाधिक कागद अडतात ते नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पदवीवर माहेरचे, नोकरीच्या पत्रावर सासरचे, जन्मदाखल्यावर फक्त ‘बेबी गर्ल’. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचे नावही मधे आले आहे, हे योग्यच झाले, पण मोठ्या भावंडाचे आणि धाकट्याचे नाव आता वेगळ्या घडणीचे दिसेल. अपोस्टिल यातले काहीही दुरुस्त करत नाही. उलट चुकीच्या नावाखालची सही खरी असल्याचे तेवढ्याच अधिकृतपणे सांगते. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. चूक मूळ दाखल्यातली असेल तर ती ज्या कार्यालयाने केली तिथेच जाऊन सुधारावी लागते, आणि वीस वर्षांनी ते काम फार जड जाते.

म्हणून अर्ज करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ज्या परदेशी कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्याला ई-मेल पाठवून लेखी विचारावे: मूळ कागदावर अपोस्टिल हवे की सत्यप्रतीवर, भाषांतर कोणी केलेले चालेल, दाखला किती जुना चालेल. उत्तर आल्याशिवाय एजंटाला मूळ कागद देऊ नये. दुसरी गोष्ट ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी. बोर्डाच्या परीक्षेपूर्वी शाळेत नावांची प्री-लिस्ट तपासायला येते. त्या दिवशी शाळेत जा, जन्मदाखला शेजारी ठेवा, आणि एकेक अक्षर ताडून पाहिल्याशिवाय सही करू नका.