दावा आणि कसोटी (भाग ४) : रोहिणखेडला न लागलेला निकाल

नांदुऱ्याहून मोताळा ओलांडून डोंगराच्या पायथ्याला गेलं की रोहिणखेड लागतं. तिथली जुनी दगडी मशीद १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी याने बांधली. ‘महदवी’ ही त्याच्या पंथाची ओळख, आणि त्या पंथाच्या संस्थापकाचा दावा आज तपासायचा आहे.

जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी आधी मक्केत, मग अहमदाबादेत आणि शेवटी पाटणजवळ बडलीला जाहीर केलं, की महदी तो मीच. महदी म्हणजे अखेरच्या काळात धर्माची विस्कटलेली घडी बसवायला येणारा. मक्केला जाताना ते दौलताबाद, अहमदनगर, बीदर करत दाभोळच्या बंदरातून जहाजावर चढले, असं महदवी परंपरा सांगते.

कुराणात महदीचा नावाने उल्लेख नाही. कसोट्या येतात त्या हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या कथनांतून, मुख्यतः अबू दाऊद, तिर्मिझी, इब्न माजा यांच्या संग्रहांतून. महदी पैगंबरांच्या वंशातला हवा, त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव पैगंबरांसारखंच, म्हणजे मुहम्मद आणि अब्दुल्ला हवं, आणि जुलमाने भरलेली पृथ्वी त्याने न्यायाने भरून टाकली पाहिजे. यातल्या बऱ्याच कथनांच्या सनदीवर, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळीवर, इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच शंका घेतली होती. तेव्हा मोजपट्टीही निर्विवाद नाही.

विरोधकांनी वडिलांचं नाव धरलं: ते तर सय्यद खान! अनुयायी म्हणाले, तो किताब, नाव अब्दुल्लाच. हा वाद मला किरकोळ वाटतो. खरी कसोटी शेवटच्या अटीची. पंथाचे कडवे टीकाकार शेख अली मुत्तकी जन्माने आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरचे. मक्केत राहून त्यांनी महदीच्या लक्षणांवर ग्रंथ लिहिला आणि चारही सुन्नी मझहबांच्या, म्हणजे विधिपंथांच्या, मुफ्तींचे फतवे मिळवले. पृथ्वी न्यायाने भरली कुठे, यावर महदवींचं उत्तर असं: सगळ्या जगाने तर पैगंबरांनाही मानलं नाही, कथनं परस्परविरोधी असतील तर कुराणाशी आणि महदीच्या आचरणाशी जुळेल ते खरं धरावं. इथे मात्र गाडं अडतं. ज्याला मोजायचं, त्याचंच माप करून चालेल कसं?

आचरण पोकळ होतं असं नाही. महदवींच्या दायऱ्यात, म्हणजे वस्तीत, आलेला पैसा सर्वांत सारखा वाटला जाई, उद्यासाठी राखून ठेवत नसत. अकबराच्या दरबारातला बदायुनी, एरवी जिभेला हाड नसलेला, पण तोही या मंडळींबद्दल आदराने लिहितो.

आणि मग सत्ता आली. १५८९ मध्ये जमालखान महदवीने अल्पवयीन इस्माईलला निजामशाही तख्तावर बसवलं आणि आपला पंथ राजधर्म केला. त्याच धामधुमीत अहमदनगरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता विजापूरला निघून गेला. १५९१ मध्ये इस्माईलचा बापच, बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन चालून आला. रोहिणखेडला जमालखान पडला, आणि महदवींचा राजाश्रय संपला.

या पराभवावरून संस्थापकाला खोटं ठरवता येत नाही. ते अफगाणिस्तानातल्या फराहला वारून ८६ वर्षं झाली होती, आणि लढाई जिंकणं ही जमालखानाची कसोटी, त्यांची नव्हे. पण न्यायाने भरलेल्या पृथ्वीची वानगी म्हणून जमालखानाची ही दोन वर्षं कुणी पुढे करू नयेत.

पुढच्या भागात अली मुत्तकींचे शिष्य, पाटणचे मुहम्मद ताहिर. महदवींचा बंदोबस्त होईपर्यंत पगडी बांधणार नाही अशी त्यांची शपथ होती. १५७३ मध्ये ती खुद्द अकबराने त्यांच्या डोक्याला बांधली.