गाणं तुमचं, नावही तुमचंच!

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे म्हणतात. जाती गेली, पण ओव्या काही थांबल्या नाहीत. डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, गल्लीतली एखादी वहिनी चार ओळी जुळवतेच. फक्त त्या ओळी वहीत राहतात, आणि वही कपाटात!

बहिणाबाई चौधरींचंच बघा ना. त्या गेल्या १९५१ साली आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी जपली म्हणून आपल्यापर्यंत आली. आज हे काम आपला मोबाइल करतो.

आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी झकास गाणी रचतात. मुलींच्या शिक्षणावरचं त्यांचं गाणं मोबाइलवर गावभर फिरलं, पण खाली त्यांचं नावच नव्हतं! मावशी काही बोलल्या नाहीत, पण मनाला लागलंच. मग भाचीने त्यांना यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं. पहिलं गाणं चाळीसजणांनी पाहिलं, त्यातले निम्मे घरचेच. "कोण ऐकतंय गं माझं?" म्हणून मावशी हिरमुसल्या.

मात्र त्यांनी नेम सोडला नाही. दर गुरुवारी एक गाणं. श्रावणाच्या आधी मंगळागौरीचं, संक्रांतीच्या आधी हळदीकुंकवाचं, कारण बायका तेव्हाच अशी गाणी शोधतात. गाण्याखाली सगळे शब्द लिहायचे, म्हणजे दुसऱ्या मंडळांनाही म्हणता येतात. आणि सुरुवातीलाच सांगायचं, "हे गाणं मी लिहिलंय." हळूहळू परगावच्या भजनी मंडळांचे फोन येऊ लागले. ऐकणारे लाखांत नाहीत, पण जे आहेत ते पुढच्या गुरुवारची वाट बघतात.

मैत्रिणींनो, एक पथ्य मात्र पाळा. सिनेमाच्या चालीवर भजन बसवायची आपली जुनी सवय. देवळात ते खपून जातं, पण यूट्यूबवर चालीचे मालक हक्क सांगू शकतात. मग जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात, नाहीतर गाणंच बंद होतं. त्यापेक्षा ओवीची, फुगडीची पारंपरिक चाल घ्या, नाहीतर स्वतःची लावा.

तुम्ही रचलेल्या शब्दांवर कायद्याने तुमचाच हक्क असतो, तोही ते कागदावर उतरल्या क्षणापासून. नोंदणी सक्तीची नाही. हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. तरी वहीत तारीख घालून ठेवा.

पैशांचं म्हणाल, तर जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, अशी यूट्यूबची साधारण अट आहे. छोट्या व्हिडिओंसाठी वेगळी. म्हणजे पहिल्याच महिन्यात घरखर्च निघेल, ही आशा नको. "पैसे भरा, हजार सबस्क्रायबर देतो" म्हणणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा! विकतचे श्रोते गाणं ऐकत नाहीत.

दुपारी पंखा बंद करा, खिडकीजवळच्या उजेडात बसा, मोबाइल डब्याला टेकवून आडवा ठेवा आणि गा. आवाज लताबाईंसारखा नसला तरी बिघडत नाही. शब्द तुमचे आहेत ना? मग कधी काढताय ती वही?