वीज कडाडली की मैदान सोडा
काटोल परिसरात मृगाच्या तोंडावर दुपारनंतर आभाळ भरून येतं, तेव्हा कॉलेजच्या मैदानावर खेळ रंगात असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जा. कडुनिंबाखाली किंवा सायकल स्टँडच्या पत्र्याखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहा. 'दामिनी' अ‍ॅप आधी इशारा देतं, तेही मोबाइलमध्ये ठेवा. कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका; शरीरात करंट उरत नाही. १०८ ला फोन लावा आणि श्वास बंद असेल तर छातीवर दाब देत राहा. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वर्गाकडून याचा सराव करून घ्यायलाच हवा.