स्टॅशमध्ये ठेवलेलं काम

लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केलेली गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्यातल्या कंपनीत जशी चालते, तशीच ती पाचोडला घरी बसून काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवरही चालते. अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायला तिच्यात ‘स्टॅश’ ही कमांड आहे. तिच्यामुळे होणाऱ्या गोंधळाचा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. गिट ज्या फाइलींची नोंद आधीपासून ठेवतं, त्यांतलेच बदल स्टॅश उचलतो; नवी, नोंद नसलेली फाइल जागीच राहते आणि ब्रँच बदलली की तिथेही हजर असते! शिवाय सगळ्या ब्रँचेसचे स्टॅश एकाच ढिगात, शेवटचा सर्वांत वर. साहजिकच एकीकडचं काम भलतीकडेच उघडतं.

हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे, असं जाणकार म्हणतील. आहेच, पण ही कमांड वापरली जाते ती ऐन घाईत, आणि घाईत मॅन्युअल कोण उघडतो? बाजूला ठेवलेलं काम ‘पॉप’ने परत आणताना कॉन्फ्लिक्ट आला, तर स्टॅश यादीत तसाच राहतो. अनेकांना ही चूक वाटते, पण त्याच सावधगिरीमुळे काम वाचतं. तिथे मी गिटच्या बाजूने आहे. नव्या फाइली असतील तर ‘इन्क्लूड-अनट्रॅक्ड’ हा पर्याय जोडावा, आणि काम दिवसभर रेंगाळणार असेल तर वेगळी ब्रँच काढून सरळ कमिट करावं. नेहमीच्या ‘पुश’बरोबर स्टॅश सर्व्हरवर जात नाही, लॅपटॉप बिघडला की तोही गेला.