साठवण-ड्रायव्हरांतील स्पर्धास्थिती

एकाच सामायिक माहितीवर दोन किंवा अधिक कामे एकाच वेळी चालू असताना अंतिम फल त्यांच्या पूर्वापर क्रमावर अवलंबून राहिले आणि तो क्रम निश्चित नसला, तर त्या अवस्थेस स्पर्धास्थिती म्हणतात. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह इ. साठवण-साधने आणि संगणकाची परिचालन प्रणाली यांमधील देवघेव पाहणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरात असा दोष राहिल्यास एका फाइलीतील मजकूर दुसरीत उतरू शकतो किंवा लिहिला गेला असे कळविलेला मजकूर प्रत्यक्षात लिहिलेलाच नसतो. ही हानी बहुधा लगेच दिसत नाही. पुष्कळ दिवसांनी फाइल उघडली जाते तेव्हा ती उघडकीस येते. म्हणून साठवणीच्या क्षेत्रात हा दोष विशेष घातक ठरतो.

उद्भव : साधनाकडे पाठविलेल्या आज्ञा नोंदविण्यासाठी ड्रायव्हर क्रमांकित जागांची एक सारणी ठेवतो. समजा, 7 क्रमांकाची जागा रिकामी आहे. एका प्रोसेसरवरील काम ती रिकामी असल्याचे पाहते. ते आपली नोंद करण्यापूर्वीच दुसऱ्या प्रोसेसरवरील कामही तेच पाहते. दोघेही 7 व्या जागेत नोंद करतात आणि आधीची नोंद पुसली जाते. ‘पाहणे’ आणि ‘घेणे’ या दोन क्रियांमधील अल्पसा अवकाश हेच या दोषाचे मूळ होय. प्रोसेसर एकच असला, तरी साधनाकडून येणाऱ्या व्यत्यय-संकेतामुळे चालू काम मध्येच थांबून हाच प्रकार घडू शकतो.

एकेरी लोहमार्गाचा दाखला येथे उपयुक्त आहे. 1998 मध्ये पूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झालेली कोकण रेल्वे सिंधुदुर्ग जिल्ह्यातून एकेरी मार्गाने जाते. मालवणकडे जाणारे अनेक प्रवासी ज्या कुडाळ स्थानकावर उतरतात, ते व झाराप यांमधील रुळावर एका वेळी एकाच गाडीस सोडता येते. ‘समोर गाडी दिसत नाही’ एवढ्यावर कुडाळहून गाडी सोडली जात नाही, कारण त्याच क्षणी झारापहूनही तसाच निर्णय होऊ शकेल. दोन्ही स्थानकांची यंत्रणा परस्परांशी जोडलेली असून एका बाजूस परवानगी मिळताच दुसरीची आपोआप बंद होते. जुन्या एकेरी मार्गांवर इंजिनचालकाच्या हाती टोकन दिले जाई. रेल्वेच्या हाताच्या सिग्नलास असलेले ‘सेमाफोर’ हे नावच डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी 1960 नंतरच्या दशकात परस्परवर्जनाच्या साधनास दिले.

उपाय : मुख्य उपाय म्हणजे पाहणे व घेणे ही एकच अविभाज्य क्रिया करणे. प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास आदेश असतात. अनेक क्रिया मिळून अविभाज्य करावयाच्या असल्यास कुलूप वापरतात; कुलूप ज्याच्याकडे असेल त्यानेच सारणीस हात लावावयाचा. मात्र कुलूप घेतलेले काम व्यत्यय-संकेताने थांबले आणि संकेत हाताळणाऱ्या भागाने त्याच प्रोसेसरवर तेच कुलूप मागितले, तर प्रतीक्षा कधीच संपत नाही. म्हणून अशा कुलपाच्या काळात त्या प्रोसेसरवरील व्यत्यय-संकेत रोखून धरतात. दोन कुलपे लागत असल्यास सर्वांनी ती एकाच ठरावीक क्रमाने घ्यावी लागतात.

मुदत व पूर्तता यांतील स्पर्धा हे साठवण-ड्रायव्हरांतील नित्याचे उदाहरण होय. लिनक्समध्ये आज्ञेच्या पूर्ततेसाठी सामान्यतः 30 सेकंदांची मुदत असते. ती संपत असतानाच साधनाकडून उत्तर आले, तर एक भाग आज्ञा रद्द करू लागतो आणि दुसरा ती पूर्ण झाल्याचे नोंदवितो; एकच स्मृतिजागा दोनदा मोकळी केली जाते. यावर उपाय म्हणजे आज्ञेवरील एक खूण अविभाज्य क्रियेने करणे. ज्याने ती प्रथम केली त्यानेच आज्ञा निकालात काढावयाची, दुसऱ्याने माघार घ्यावयाची. चालू कामात पेन ड्राइव्ह काढून घेतल्यास, तिची नोंद वापरणारे शेवटचे काम संपेपर्यंत ती नोंद नष्ट करावयाची नाही. यासाठी वापरकर्त्यांची मोजणी ठेवतात.

वाटणी टाळणे हा आणखी एक मार्ग आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 मध्ये सिद्ध केलेल्या परम 8000 या संगणकात प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र असून देवाणघेवाण संदेशांद्वारे होई. 2014 पासून लिनक्समध्ये साठवणीच्या आज्ञांसाठी प्रोसेसरनिहाय निराळ्या रांगा ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे एकाच रांगेवरील कुलपासाठी होणारा खोळंबाही कमी झाला.

शोध : हा दोष हजार वेळा चाचणी घेऊनही दडून राहू शकतो. तपासासाठी जादा नोंदी लिहविल्यास वेळेचा मेळ बदलून तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. मध्ये थोडा विलंब घालणे हाही उपाय नव्हे. त्याने दोष दुर्मिळ होतो, नष्ट होत नाही. कुलपांचा क्रम तपासणारी सोय लिनक्समध्ये 2006 मध्ये आणि असंरक्षित सामायिक वापर शोधणारी सोय 2020 मध्ये समाविष्ट झाली. तथापि कोणती माहिती कोणत्या कुलपाच्या आश्रयाखाली आहे हे ड्रायव्हर लिहितानाच ठरविणे, हाच खरा बंदोबस्त होय.